कर्ज उचलण्याआधी बाजार पाहणी



उन्हाळा जवळ आला की गटांच्या सभेत एक विषय हमखास निघतो, ‘कर्ज घेऊन मिरची कांडप यंत्र आणू या का?’ विचार चांगला आहे. पण यंत्राआधी बाजार पाहणी करायची असते. ती कशी करायची आणि ग्रामसंघाच्या सभेत तिचा अहवाल कसा मांडायचा, ते आज शिकू.

आधी माझी चूक सांगते. मी नुकतीच कामाला लागले होते. एका गटाला तयार मसाला विकायचा होता. आम्ही घरोघर जाऊन विचारलं, ‘ताई, आमचा मसाला घ्याल का?’ सगळ्या म्हणाल्या, ‘घेऊ की!’ वर चहाही पाजला. मी अहवालात लिहिलं, ‘गावात चांगली मागणी आहे.’ गटाने माल केला. पावसाळा लागला तरी निम्मी पाकिटं तशीच पडून. त्या बाया खोटं बोलल्या नव्हत्या. दारात आलेल्या बाईला तोंडावर ‘नाही’ कोण म्हणेल? प्रश्नच चुकला होता. वर्षाचा मसाला घरोघरी आधीच करून ठेवलेला होता आणि ते मी विचारलंच नव्हतं. हप्ता मात्र गटाला बचतीतून भरावा लागला.

१. काय ठरवायचं आहे ते लिहा. वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य : ‘कांडप यंत्रातून कर्जाचा हप्ता निघेल का?’

२. सगळीकडे विचारा. आपल्याच गटातल्या, आपल्याच आळीतल्या बायांना विचारून भागत नाही. प्रत्येक वाडी-वस्तीतली घरं घ्या, गटात नसलेलीही घ्या. किराणा दुकानदार आणि आठवडी बाजारातला मिरचीवाला यांच्याशीही बोला.

३. झालेलं विचारा, होणारं नको. ‘आमच्याकडे याल का?’ असं विचारू नका. असं विचारा :
– मागच्या उन्हाळ्यात मिरची कुठे कांडली?
– किती किलो?
– किलोला काय दर दिला?
– तिथे काही अडचण आली का?
उत्तर आपल्या मनासारखं नसलं तरी समजावत बसू नका. ऐका आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. एकीने बोलावं, दुसरीने लिहावं.

४. मोजा. ‘बऱ्याच जणी’, ‘सगळ्या’ हे शब्द अहवालात नकोत. प्रत्येक उत्तराला एक रेघ मारा. चार उभ्या, पाचवी आडवी. मग मोजायला सोपं जातं.

समजा, ३०० घरांच्या गावात ३० घरं विचारली. ८ घरं तिखट विकत आणतात, २२ घरं कांडून आणतात. इथेच थांबलो तर वाटेल, २२ गिऱ्हाईकं मिळाली! पण चौथ्या प्रश्नाची उत्तरं बघा. १३ घरं गावातल्या जुन्या कांडपवाल्याकडे जातात आणि त्यांची काही तक्रार नाही. ९ घरं मात्र तालुक्याला जातात, कारण इथे दोन-दोन दिवस नंबर लागत नाही. म्हणजे आपल्याकडे येण्यासारखी घरं ९. त्यांची मिरची मिळून ५४ किलो. किलोला ४० रुपये धरले तर २,१६० रुपये. ३० घरांचा हा हिशोब ३०० घरांना लावला, तर अंदाजे २१,६०० रुपये. तेही वर्षाचे, कारण कांडप चालतं ते उन्हाळ्यात. यातून वीज आणि मजुरी वजा जायची. आता वर्षाच्या हप्त्यांची रक्कम शेजारी लिहा. ती ३०,००० असेल, तर उत्तर तुमच्या समोर आहे.

५. अहवाल मांडा. एक पान पुरे :
– कधी, कुठे, किती घरांना विचारलं
– काय आढळलं (‘३० पैकी ९’ असं)
– बायांचे दोन-तीन बोल, नाव न घेता
– आपल्या विरोधात गेलेली माहिती
– गटाचं मत : करायचं, थांबायचं की बदल करून करायचं

चौथा मुद्दा कधीही गाळू नका. ‘अध्यक्षताईंना वाईट वाटेल’ म्हणून गाळाल, तर तो पुढे हप्त्याच्या दिवशी समोर येईल. आढळलेलं आणि आपलं मत वेगवेगळं लिहा. वाचता न येणाऱ्या ताईंसाठी अहवाल मोठ्याने वाचा, फळ्यावर रेघा काढून दाखवा. कर्ज सगळ्या गटाच्या नावावर असतं, त्यामुळे आकडेही सगळ्यांना कळायला हवेत.

आणि पाहणीनंतर ‘आत्ता यंत्र नको’ असं ठरलं, तर मेहनत वाया गेली असं समजू नका. हळद, धनेही दळता येतील का, शेजारच्या गावातून काम मिळेल का, हे पुढचे प्रश्न त्यातूनच निघतात.

गृहपाठ : पुढच्या सभेआधी दोघी-दोघींनी मिळून १० घरं विचारा. वही घेऊन या, आपण मिळून रेघा मोजू.