तेलात तेल, कधी जमते कधी बिघडते

बालमित्रांनो, यंत्रे काही फक्त आपल्या लोट्याच्या एम.आय.डी.सी.तच नसतात. वाडीत पॉवर टिलर, गवत कापायचे मशीन, पाण्याचा पंप आणि भाताची गिरण असते. ह्या सर्वांना वंगण लागते. लोखंडावर लोखंड घासले की ते तापते आणि झिजते. मध्ये तेलाचा थर असला म्हणजे झीज कमी होते.

मग कुठलेही तेल ओतले तर काय बिघडले? आईला विचारा. नारळाच्या रसात आगळ घातले की सोलकढी होते. तेच आगळ गाईच्या दुधात पडले तर दूध नासते. वंगणाचेही तसेच आहे.

आमच्या काकांची भाताची गिरण आहे. दिवाळीनंतर भात भरडायला पोत्यांची रांग लागली होती. काका म्हणाले, "बेअरिंगला ग्रीस मार रे." घरात दुसराच डबा होता. मी विचारले, तर म्हणाले, "ग्रीस ते ग्रीसच!" मी मारले. थोड्या दिवसांत बेअरिंग तापून जाम झाले. चार दिवस गिरण बंद! लोक पोती परत घेऊन गेले.

मिस्त्रींनी कारण सांगितले. ग्रीस म्हणजे तेल आणि ते धरून ठेवणारा पदार्थ. स्पंज पाणी धरतो ना, तसे. आमचे जुने ग्रीस बेंटोनाईट मातीचे होते आणि नवे लिथियम साबणाचे. दोन्ही चांगली, पण एकत्र आल्यावर पातळ होऊन गळून गेली. बेअरिंग कोरडे पडले.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा :

१) टू-स्ट्रोक मशीनचे तेल पेट्रोलबरोबर जळण्यासाठी बनवतात. त्याऐवजी साधे इंजिन ऑईल घातले तर काजळी धरते, प्लग खराब होतो.

२) गिअर ऑईल इंजिनात घालू नये. त्यातली रसायने गिअरच्या दात्यांसाठी असतात.

३) गाडीच्या ब्रेक ऑईलमध्ये इंजिन ऑईल कधीच घालू नये. आतले रबर फुगते, ब्रेक लागत नाही. इथे जिवाशी गाठ आहे!

४) ग्रीस बदलायचे तर जुने पुसून काढावे. डब्यांवर नावे लिहावीत.

पालकांनो, तेल ओतण्याआधी डब्यावरचे नाव आणि नंबर वाचा. वाचता येत नसेल तर आम्हांला हाक मारा. आम्ही वाचून दाखवू.

— एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी