जिथं थेंबही गळत नाही

कर्जतच्या घरामागं छोटा पोहण्याचा तलाव बांधला, तेव्हा त्याच्या पंपाची काळजी मला मुळीच वाटली नव्हती. साताऱ्याकडच्या गावात विहिरीवरच्या पंपाशेजारीच मी वाढलो. वर मोटर, खाली पाण्यात फूटव्हॉल्व्ह. आमच्याकडे सगळे त्याला 'फुटबॉल' म्हणत. पंपानं पाणी सोडलं की आण्णा लांबूनच ओरडायचे, "फुटबॉल गेला बघ!" आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. त्याच अनुभवानं मला कर्जतला पंधरा दिवस चुकीच्या वाटेनं फिरवलं.

तलाव 25 बाय 12 फुटांचा, चार फूट खोल. म्हणजे साधारण 34 हजार लिटर पाणी. पंप एक अश्वशक्तीचा, पाण्याच्या पातळीपेक्षा दोनेक फूट उंचावर शेडमध्ये बसवलेला. एप्रिलच्या शेवटी घर सांभाळणाऱ्या माणसाचा फोन आला, "दादा, सकाळी डबा रिकामा असतोय." डबा म्हणजे पंपाच्या तोंडाशी असलेलं जाळीचं भांडं. वरच्या पारदर्शक झाकणातून आतलं पाणी दिसतं. पाणी ओतून सुरू केला की पंप चालायचा, पण झाकणाखाली बुडबुडे नाचायचे, फिल्टरवरच्या गेजचा काटा थरथरायचा आणि तलावात पाणी परत येतं त्या तोंडातून हवा सुटत राहायची.

पाणी रात्रीत मागं उतरतंय म्हणजे फुटबॉलच गेला, असं मी फोनवरच ठरवून टाकलं. इथं फुटबॉल नव्हता, पण सक्शनच्या पाइपवर एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह होता. तो बदलला. दुसऱ्या सकाळी डबा पुन्हा रिकामा. मग प्लंबर आला. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधावं तसं त्यानं प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावलं. एकही फुगा आला नाही. जमीन कोरडी, पाइप कोरडे. "गळती नाहीच," तो म्हणाला, आणि मलाही ते पटलं.

शेवटी नको तेच झालं. एका सकाळी डबा रिकामा असतानाच टायमरनं पंप सुरू केला. तो तासभर कोरडा फिरला आणि मेकॅनिकल सील जळालं. हे सील आतल्या पाण्यानंच थंड राहतं. पाणी नसेल तर ते टिकत नाही. दुरुस्ती होईपर्यंत गाळण बंद, वर मे महिन्याचं ऊन. चार दिवसांत पाणी हिरवं झालं.

सील बदलायला आलेल्या मेकॅनिकनं माझी फुटबॉलची कहाणी ऐकली आणि शीतपेयाची नळी आठवायला सांगितली. नळीचं वरचं तोंड बोटानं दाबून ती उचलली, तर आतलं पाणी खाली पडत नाही. बोट काढलं की पडतं. विहिरीवर पाइपचं दुसरं टोक पाटात उघडं असतं, तिथून हवा शिरते, म्हणून पाणी अडवायला फूटव्हॉल्व्ह लागतो. तलावात पाणी ओढणारं तोंड आणि परत सोडणारं तोंड, दोन्ही पाण्याखाली. वरून हवा शिरल्याशिवाय दोन फूट उंचीवरचं पाणी खाली उतरूच शकत नाही. डबा रिकामा होतोय याचा अर्थ बोट कुठंतरी उचललं गेलंय.

साबणाचा उपायही म्हणूनच फसला होता. पंप चालू असताना सक्शनच्या बाजूला आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. तिथं साबणाचा फुगा धरणार कसा? पाणी टपकतं ते पंपाच्या पुढच्या, डिलिव्हरीच्या बाजूला. बुडबुड्यांचं मूळ शोधायचं ते न गळणाऱ्या बाजूला.

तुमच्या पंपानं हवा घ्यायला सुरुवात केली, तर सोप्याकडून अवघडाकडे जा. आधी तलावाची पातळी बघा. स्किमर म्हणजे वरच्या थरातलं पाणी ओढणारा भिंतीतला खण. पाणी त्याच्या तोंडाच्या निम्म्यापर्यंत हवं. उन्हाळ्यात बाष्पीभवनानं ते उतरलं, किंवा स्किमरची झडप अडकली, तर पंप तिथूनच हवा ओढतो आणि आपण उगाच पाइप खोलत बसतो.

मग वीज मुख्य स्विचपासून बंद करून डब्याचं झाकण उघडा. सर्वांत जास्त वेळा दोषी तिथली ओ-रिंग असते. ती चपटी झाली असेल, बारीक भेगा असतील, तर बदला. चांगली असेल तर ती आणि तिची खाच पुसून घ्या. वाळूचा एक कणही हवेला वाट देतो. वर सिलिकॉन ग्रीस हलकंच लावा. घरातलं व्हॅसलीन नको, काही रबर त्यानं फुगतात. नंतर डब्याच्या तळाचे ड्रेन प्लग बघा. पावसाळ्यानंतर साफसफाईला काढलेले प्लग कित्येकदा रिंगेशिवायच परत बसतात.

एवढ्यानं भागलं नाही, तर पंप सुरू करून मगानं एकेका सांध्यावर पाणी ओता. मोटरवर आणि वायरींवर थेंबही जाऊ देऊ नका, आणि शेडच्या लाइनवर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ईएलसीबी असल्याशिवाय हा प्रयोग करू नका. एकानं ओतायचं, दुसऱ्यानं झाकणातून बघायचं. ज्या सांध्यावर पाणी पडताच बुडबुडे क्षणभर थांबतात, तिथंच हवा शिरते. दाढीचा फेस लावला तरी चालतो. तो भेगेत ओढला जातो आणि तिथं खळगा पडतो.

माझ्याकडे ओ-रिंग बदलल्यावर बुडबुडे निम्मे झाले, संपले नाहीत. मग पाण्यानं दुसरी जागा दाखवली, पंपाच्या तोंडात पिळलेला पीव्हीसीचा आट्यांचा तुकडा. पंप कोरडा फिरला तेव्हा डब्यातलं उरलंसुरलं पाणी तापलं आणि आटे आक्रसले. ही दुसरी गळती माझ्याच चुकीनं जन्माला आली होती. म्हणून एक जागा सापडली की हात झाडून उठू नका. आणि असा सांधा बाहेरून सीलंट थापून बुजवण्यात अर्थ नाही. तुकडा नवा घाला, टेफलॉन टेप गुंडाळून बसवा.

वर काहीच सापडलं नाही, तर स्किमर आणि तळाची मोरी या दोन लाइनी व्हॉल्व्हनं आळीपाळीनं बंद करून चालवून बघा. एका लाइनीवर बुडबुडे आणि दुसरीवर नाहीत, तर फरशी कुठं उकरायची हे तरी कळतं. तिथून पुढं दाबाची चाचणी करणारा माणूस बोलवावा.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. ओढलेली हवा फिल्टरच्या टाकीत साठते आणि पंपाच्या दाबानं आवळली जाते. पाण्यापेक्षा आवळलेली हवा फार धोकादायक. क्लॅम्प सैल असेल तर टाकीचं झाकण उडू शकतं. पंप सुरू करण्याआधी टाकीवरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह उघडा, लांब उभे राहा आणि त्यातून पाण्याची सलग धार आली की मगच बंद करा. टाकीवर वाकून गेज वाचायची सवय मी तेव्हाच सोडली.

टायमर आता काढून टाकलाय. आधी झाकणातून बघायचं, मगच बटण दाबायचं. आजही सकाळी सातच्या सुमारास कर्जतहून फोन येतो, "दादा, डबा भरलेला हाय. करू का चालू?"