मल्पे येथील पाषाणस्तंभांचे बेट

बेळगावकडील आपल्या घरांची जोती ज्या काळ्या दगडाची असतात, तो दगड ज्वालामुखीतून आलेला आहे हे शाळेत सर्वांनीच वाचलेले असते; परंतु त्याकडे थांबून पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. आपल्या संस्थेतील काही कुटुंबांनी मिळून उडुपीची यात्रा केली, तेव्हा श्रीकृष्णदर्शनानंतर मल्प्याच्या बंदरावरून होडीने सेंट मेरी बेटावर जाण्याचे ठरविले. मुलांचा ओढा समुद्राकडे होता. आम्हांस मात्र तेथील दगड पाहावयाचे होते. त्या पाहण्यातून जे समजले ते सभासदांच्या, विशेषतः विद्यार्थ्यांच्या, उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

मल्प्याच्या किनाऱ्यापासून सुमारे सहा किलोमीटरांवर बेटांची ही लहानशी ओळ आहे. मुख्य बेटास नारळाचे बेट म्हणतात. त्याची लांबी सुमारे अर्धा किलोमीटर, रुंदी त्याहून पुष्कळच कमी. वस्ती नाही. १४९८ साली हिंदुस्थानात येताना वास्को-द-गामा येथे उतरला व त्याने बेटास मेरीमातेचे नाव दिले असे सांगतात. आज ओळखले जाणारे नाव त्याच कथेतून आले आहे. पण बेटाची खरी कीर्ती त्या नावामुळे नव्हे. पाण्याच्या कडेला पाऊल ठेवताच दिसतात ते शेजारी शेजारी दाटीने उभे असलेले दगडी खांब! काही बसावयाच्या पाटाएवढे ठेंगणे, तर काही माणसाच्या डोक्यावरून जाणारे. कोणाला पाच कडा, कोणाला सहा, क्वचित चार किंवा सात. वरून पाहिले तर मधाच्या पोळ्याची आठवण व्हावी.

आमच्यासोबत आलेल्या एका आजींनी काठी टेकून ते खांब न्याहाळले आणि विचारले, “हे देऊळ कुणी बांधायला घेतलं होतं रे? अर्धंच का सोडलं?” मुले हसली, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. इतक्या सरळ कडा पाहिल्यावर टाकी-हातोड्याची आठवण होणे अगदी स्वाभाविक आहे.

उत्तर असे. पृथ्वीच्या पोटातून वर आलेला तप्त शिलारस थंड होऊ लागला की आकसतो. ओल्या चिखलाचे तळे आटताना त्याच्या पृष्ठावर जशा भेगा पडतात, तशाच भेगा या थिजणाऱ्या रसालाही पडतात. आकसण्याची ओढ सर्व बाजूंनी सारखी असली, तर एका बिंदूतून तीन भेगा समान अंतराने फुटणे हे सर्वांत सोयीचे पडते. प्रत्येक कोन १२० अंशांचा होतो आणि अशा भेगा एकमेकींस मिळाल्या की षट्कोन तयार होतो. निसर्गात सर्वत्र थंडावा सारखा नसतो, म्हणून पाच किंवा सात कडाही येतात. रस जसजसा आत आत थंड होत जातो तसतशा भेगाही टप्प्याटप्प्याने आत उतरतात, आणि षट्कोनाचा खांब होतो. हे खांब थंड होणाऱ्या पृष्ठाशी काटकोनात वाढतात. तेव्हा एखाद्या ठिकाणी खांब कललेले दिसले, तर तेथे रस कोणत्या बाजूने निवत गेला याचा तर्क बांधता येतो.

घरी करून पाहण्याजोगा एक प्रयोग आहे. मक्याचे पीठ, म्हणजे बाजारातील कॉर्नफ्लॉवर, व पाणी समभाग कालवून काचेच्या पेल्यात ठेवावे आणि वरून विजेच्या दिव्याची ऊब काही दिवस द्यावी. पीठ पूर्ण वाळल्यावर हलक्या हाताने फोडले, तर आत बारीक बारीक खांब उभे राहिलेले आढळतात. तेथे उष्णतेऐवजी ओलावा निघून जातो, एवढाच भेद. कणकेने मात्र हे साधणार नाही.

आता आमच्या मते सर्वांत मनोरंजक गोष्ट. हा दगड आपल्याकडचा नव्हे! सह्याद्रीचा काळा पाषाण, ज्यास शास्त्रज्ञ बेसॉल्ट म्हणतात, तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बेळगाव त्या अफाट थराच्या दक्षिण कडेजवळ वसलेले आहे. मल्प्याचे खांब त्याहून जुने, सुमारे साडेआठ ते नऊ कोटी वर्षांचे. त्यांचा दगड रायोलाइट व डेसाइट या जातींचा असून त्यात सिलिका अधिक असते. त्या सुमारास मादागास्कर हा भूभाग हिंदुस्थानापासून तुटून दूर जात होता, आणि त्याच काळातील लाव्हा त्या बेटावरही सापडतो. आज मधे पसरलेला समुद्र त्या वेळी नुकता उघडत होता. येथल्या एका खांबावर हात ठेवणे म्हणजे त्या ताटातुटीच्या खुणेवर हात ठेवणे होय.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याने या जागेस राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक मानले आहे. हे किती महत्त्वाचे आहे ते मुंबईच्या अंधेरीतील गिल्बर्ट टेकडीकडे पाहून कळते. ती आपल्याच काळ्या बेसॉल्टची, सुमारे २०० फूट उंच, उभ्या खांबांची. १९५२ साली तिला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला, २००७ साली महानगरपालिकेने तिची वारसास्थळांत गणना केली. तथापि आसपासच्या खाणींनी तिचा परिसर आधीच खाऊन टाकला होता, आणि आज ती इमारतींच्या गराड्यात एकटीच उभी आहे. खडी फोडणाऱ्यास त्या दगडाचे वय विचारावयाचे कारण नव्हते.

मल्प्यास खाणीचे भय नसले तरी माणसाचा हात आहेच. खांबांवर नावे कोरण्याची हौस काही मंडळींना आवरत नाही. आपल्या मुलांपैकी एकाने खिशातून खिळा काढला होता. त्याला वडिलांनी नव्हे, त्याच्या धाकट्या बहिणीने अडविले, हे येथे मुद्दाम नोंदवितो.

जाणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी. पावसाळ्यात होड्या बंद असतात. थंडीचे दिवस उत्तम. पाणी बरोबर घ्यावे, वृद्धांना टोपी अथवा छत्री हवीच. ओले खांब शेवाळाने निसरडे होतात, तेव्हा पादत्राणे घट्ट असावीत. कडेच्या खडकांवर लाटा अचानक चढतात. एप्रिल २०२२ मध्ये सहलीस आलेल्या विद्यार्थ्यांचा येथे बुडून मृत्यू झाला, हे ध्यानात ठेवून मुलांना पाण्याजवळ एकटे सोडू नये. परतीच्या होडीची वेळ आधीच विचारून घ्यावी. खांब मोजण्यात वेळ कसा जातो ते कळत नाही. आम्ही एकाच कातळावर चाळीसपर्यंत मोजले आणि मग शिटी झाली.