नोटीस अशी लिहा की धक्क्यावर उभ्या-उभ्या वाचता येईल

मच्छीमार बांधवांनो, हवामानाचा इशारा सोसायटीच्या फळ्यावर लागतो, ग्रुपवरही पडतो. तरी "कधीपर्यंत आहे हो?" असे फोन येतातच. माहिती असते, पण चटकन सापडत नाही. म्हणून आज नोटिशीच्या मांडणीबद्दल.

समजा, असा मजकूर आला: "किनारपट्टीवर व लगतच्या समुद्रात ताशी 45 ते 55 किमी वेगाने सोसाट्याचा वारा वाहण्याची व तो 65 किमीपर्यंत जाण्याची शक्यता असल्याने मंगळवार ते गुरुवार मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये." यात चूक काहीच नाही. पण कामाची गोष्ट अगदी शेपटाला. बर्फ भरायच्या घाईतला माणूस तिथवर पोचतच नाही. तेच असं लिहून बघा:

समुद्रात जाऊ नका
मंगळवार 16 ते गुरुवार 18 सप्टेंबर
वारा: ताशी 45–55 किमी, मध्येच 65 पर्यंत
बाहेरच्या बोटी: लगेच परत या
मदतीला: तटरक्षक दल 1554
नोटीस लावली: सोमवार 15, संध्याकाळी 5

पहिली ओळ मोठी आणि ठळक, बाकीच्या साध्या. सगळंच ठळक केलं की काहीच ठळक दिसत नाही. शेवटची ओळ लोक गाळतात, आणि तीच महागात पडते. फोटो चार-चार दिवस फिरत राहतो. जुना इशारा नवा समजून कोणी बोट बांधून ठेवतो, नाहीतर नवा इशारा जुना समजून कोणी निघतो.

रंगांचं म्हणाल तर हवामान खात्याचे चार ठरलेले आहेत: हिरवा म्हणजे इशारा नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, तांबडा म्हणजे लगेच हालचाल करा. तेव्हा वार्षिक सभेची नोटीस तांबड्या कागदावर लावू नका, रंगाची किंमत जाते. आणि रंगासोबत शब्दही लिहाच. काहींना तांबडा-हिरवा वेगळा ओळखता येत नाही, झेरॉक्समध्ये तर सगळंच काळं. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं उन्हात दिसत नाहीत. पिवळ्यावर काळी छान दिसतात. मागे लाटांचा फोटो तर नकोच, लाटा आपण रोज बघतो!

जुन्या माणसांना तीन नंबरचा बावटा कोणी वाचून दाखवावा लागत नसे. बंदरावर दिवसा शंकूसारखे नि पिंपासारखे आकार चढायचे, रात्री तांबडे-पांढरे दिवे. लांबून ओळखता येण्यासाठीच ती सोय. आज आपल्या ट्रॉलरांवर ओडिशा, झारखंडकडचे बरेच खलाशी आहेत, सगळ्यांना मराठी वाचता येत नाही. त्यांच्यासाठी बोटीचं चित्र काढून वर मोठी फुली मारा, आणि तारीख-फोनचे आकडे इंग्रजी अंकांत ठेवा.

मासेमारी बंदीचंही तेच. "61 दिवस बंदी" लिहिलं की प्रत्येकजण बोटं मोजत बसतो. "1 जून ते 31 जुलै, दोन्ही दिवस धरून" असं लिहा. अनुदानाच्या कागदपत्रांची यादी असेल तर एका ओळीत एकच कागद, आणि पुढे खूण करायला रिकामा चौकोन.

नोटीस लावली की दहा पावलं मागे या. पहिली ओळ तिथून वाचता आली नाही, तर उतरवा आणि मोठ्या अक्षरात पुन्हा लिहा.