रंगाआधी वाफेला वाट द्या

पावसाळा मध्यावर आला की कासारवाडीतल्या जुन्या इमारतींत कपाटामागची भिंत काळी पडते, गाद्यांना कुबट वास येतो आणि दिवाळीआधी पेंटरला बोलावलं जातं. त्याआधी एक तपासणी करा. भिंतीचा ओला भाग पुसून वाळवा, त्यावर वीतभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने पक्कं लावा आणि दोन दिवस तसंच ठेवा. भिंतीकडची बाजू ओली झाली, तर ओल भिंतीतून येते. मग बाहेरची भेग, वरच्या मजल्यावरची मोरी, पाइपाचा सांधा शोधायला हवा. खोलीकडची बाजू ओली झाली, तर घरातलीच वाफ थंड भिंतीवर पाणी होऊन बसते आहे.

ही वाफ थोडीथोडकी नसते. गॅस जळताना पाणी तयार होतं. 14.2 किलोचा सिलिंडर संपेपर्यंत सुमारे 22 लिटर! भात-डाळीची वाफ, आंघोळीचं गरम पाणी, आतल्या दोरीवरचे कपडे हे सगळं वेगळंच.

सुरुवात स्वयंपाकघरापासून करा. शेगडी पेटवतानाच एक्झॉस्ट फॅन लावा आणि विझवल्यावरही पंधरा मिनिटं चालू ठेवा. मात्र फॅनशेजारची खिडकी उघडी असेल, तर तो तिथलीच हवा ओढून बाहेर टाकतो आणि खोलीतली वाफ जागची हलत नाही. ती खिडकी लावून घ्या, पलीकडच्या खोलीची चार बोटं उघडा. फॅनजवळ पेटती उदबत्ती धरून पाहा. धूर आत खेचला जात नसेल तर पाती आणि जाळी तेलकट झाली आहेत. मेन स्विच बंद करून सोड्याच्या गरम पाण्याने पुसून काढा.

आंघोळीनंतर बाथरूमचं दार लावून फॅन चालवा, फरशीवरचं पाणी वायपरने ओढा. दाराखाली बोटभर फट हवीच. गॅस गिझर आत असेल तर तो आधी बाहेर बसवून घ्या. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं दगावली आहेत.

हायवे आणि रेल्वेकडच्या खिडक्या धुळीमुळे, आवाजामुळे बंद राहतात, ते समजण्यासारखं आहे. पावसाळी वारं पश्चिमेकडून, पवना नदीच्या अंगाने येतं. त्या बाजूची आणि तिच्या समोरची, अशा दोन खिडक्या पाऊस उघडला की वीसेक मिनिटं उघडा. एकट्या खिडकीने हवा खेळत नाही. कपडे घरातच वाळवावे लागले तर एकाच खोलीत वाळवा: दार बंद, खिडकी उघडी, पंखा चालू. थंडीत पहाटे काचांवर पाणी धरतं, ते पुसलेलं फडकं बाहेर वाळत घाला.

कपाट, दिवाण बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. काळी बुरशी कोरड्या झाडूने झाडू नका, ती हवेत उडते. तोंडावर मास्क बांधून साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा, आणि घरात कुणाला दमा असेल तर तेवढा वेळ त्यांना दुसऱ्या खोलीत बसवा.