काटकसरीचा उजेड

आपल्या मराठवाड्यातील घरांत ‘वीज वाचवा’ या शब्दांचा अर्थ वर्षानुवर्षे एकच राहिला आहे, तो म्हणजे दिवा मालवा. दिवेलागणीला घरात एकच बल्ब लागतो. त्याच उजेडात आई भाजी निवडते, आजोबा औषधाची गोळी शोधतात आणि दहावीची मुलगी दाराच्या उंबऱ्याशी वही गुडघ्यावर घेऊन बसते. पानावर आईची सावली पडते म्हणून ती सरकते, मग स्वतःची सावली पडते म्हणून पुन्हा सरकते. महिनाअखेरीस बिल थोडे कमी येते आणि घरात समाधान असते. त्या समाधानाची किंमत कोणी मोजली, याचा हिशेब मात्र कुठेच लिहिला जात नाही.

शाळेत विज्ञान शिकवणारे आम्ही शिक्षक हा हिशेब मांडण्याचा प्रयत्न येथे करीत आहोत. वसतिगृहातील मुलांना अभ्यासिकेत पुरेसा प्रकाश मिळतो. सुट्टीत ती घरी जातात तेव्हा तसा मिळेलच असे नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर गृहपाठाच्या वह्या आमच्याकडे येतात, तेव्हा कोणती पाने दिवसा लिहिली आणि कोणती रात्री, हे पुष्कळदा अक्षरावरूनच कळते. म्हणून हा पाठ विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्या पालकांसाठी आणि आता स्वतः पालक झालेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी आहे.

प्रथम जुना पिवळा बल्ब घेऊ. त्यातील टंगस्टनची तार तापून पांढरी होते आणि त्या तापण्यातून प्रकाश मिळतो. परंतु त्याला दिलेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक वीज उष्णतेत जाते. गावातील माणसांना हे पुस्तकाशिवायही ठाऊक आहे; कोंबडीच्या पिलांना थंडीत ऊब द्यायची असली की टोपलीवर हाच बल्ब टांगतात. पिलांसाठी तो उत्तम आहे. मात्र मे महिन्यात परभणीचा पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना माणसांच्या खोलीत तोच बल्ब लावणे म्हणजे पैसे मोजून उकाडा विकत घेणे होय. ६० वॅटचा असा बल्ब साधारण ७०० ल्युमेन प्रकाश देतो (ल्युमेन हे प्रकाशाचे माप). ९ वॅटचा चांगला एलईडी दिवा ९०० ल्युमेनच्या आसपास देतो. त्यात तार तापत नाही. अर्धसंवाहकाच्या लहानशा तुकड्यातून विजेचे थेट प्रकाशात रूपांतर होते. तांबडे आणि हिरवे एलईडी पूर्वीपासून होते, पण निळा सापडल्याखेरीज पांढरा प्रकाश तयार करता येत नव्हता. हे कोडे सोडविणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आकडेमोड. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. ६० वॅटचा बल्ब रोज पाच तास लागला तर वर्षाला सुमारे ११० युनिट होतात आणि ९ वॅटचा एलईडी तेवढाच वेळ लागला तर साडेसोळाच्या आसपास. म्हणजे एका दिव्यामागे वर्षाला ९३ युनिटची बचत होते. वीजबिलाची रचना पाहिली तर या बचतीचे मोल आणखी वाढते. घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिटे स्वस्त दराने मिळतात आणि १०१ पासूनचा दर सुमारे दुपटीच्या घरात जातो. समजा, एका घराचा महिन्याचा वापर १२० युनिट आहे आणि त्यांनी तीन जुने बल्ब बदलले. महिन्याला २३ युनिट कमी होतील आणि महाग टप्प्यातील सर्व वीस युनिटे बिलातून निघून जातील. आपले जुने बिल काढून त्यावरील दरांशी हे ताडून पाहावे. या संपूर्ण हिशेबात एकही दिवा मालवलेला नाही, हे विशेष.

ज्यांचा कागदावरील आकड्यांवर विश्वास बसत नाही, त्यांच्यासाठी भिंतीवर मीटर आहेच. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान तांबडा दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो किती वेळा लुकलुकेल, तो आकडा मीटरच्या दर्शनी भागावर छापलेला असतो. तो ३२०० आहे असे धरू. घरातील सर्व उपकरणे बंद करून फक्त ६० वॅटचा बल्ब लावला तर दहा मिनिटांत ३२ वेळा लुकलुक मोजता येते. नंतर त्याच होल्डरमध्ये ९ वॅटचा एलईडी लावून पाहावे; दहा मिनिटांत जेमतेम पाच. आठवीच्या वर्गाला हा प्रयोग दिला तेव्हा मुले पाचव्या लुकलुकीची वाट पाहून कंटाळली. त्या कंटाळ्यातून त्यांना जे समजले, ते आमच्या फळ्यावरील आकड्यांतून समजले नव्हते.

याच मीटरने एक जुना गैरसमजही उघडा पाडला. देव्हाऱ्यात, बुद्धमूर्तीसमोर किंवा न्हाणीघराच्या वाटेवर लागणारा ‘झिरोचा बल्ब’ शून्य विजेवर चालतो असे अनेक घरांत मानले जाते, म्हणून तो रात्रभर चालू असतो. प्रत्यक्षात जुना झिरोचा बल्ब १२ ते १५ वॅट वीज घेतो. जुन्या, चकती फिरणाऱ्या मीटरना इतकी थोडी वीज नीट मोजता येत नसे, म्हणून तो फुकट वाटे. पंधरा वॅटचा बल्ब रोज दहा तास लागला तर वर्षाला सुमारे ५५ युनिट. अर्ध्या वॅटचा एलईडी रात्रदिवा तेवढ्याच वेळात दोन युनिटेही घेत नाही. घरातला सर्वांत लहान दिवा सर्वांत आधी बदलावा, हे अनेकांना पटत नाही. पण किती वॅटचा, यासोबत किती तास, हेही विचारावे लागते. म्हणून सुरुवात अधिक वेळ लागणाऱ्या दिव्यापासून करावी. वर्षातून चार वेळा उघडणाऱ्या माळ्यावरचा बल्ब आणखी दहा वर्षे तसाच राहिला तरी बिघडत नाही. जुन्या चोकची ४० वॅटची नळी मात्र चोकसह ५० ते ५५ वॅट घेते. तिच्या जागी २० वॅटची एलईडी पट्टी पुरते.

हे दिवे आपल्यापर्यंत पोहोचण्यास वेळ लागला. भारनियमनाच्या वर्षांत संध्याकाळचे तासन्‌तास कंदिलावर काढलेली आमची पिढी आहे. त्या काळी उजेड कोणता, यापेक्षा उजेड आहे की नाही, हाच प्रश्न असे. पुढे सीएफएल आला. २००९ मध्ये केंद्राच्या ‘बचत लॅम्प योजने’त तो १५ रुपयांत देण्याची कल्पना होती. त्यात थोडा पारा असतो, म्हणून घरातला जुना सीएफएल फुटला तर खिडक्या उघडून काही वेळ खोलीबाहेर थांबावे आणि तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने गोळा करावेत. एलईडी दिव्यात पारा नसतो, पण सुरुवातीला तो महाग होता. २०१४ च्या आरंभी सरकारी खरेदीतही एका दिव्याला ३१० रुपयांच्या आसपास पडत. ५ जानेवारी २०१५ रोजी ‘उजाला’ योजना सुरू झाली, खरेदी एकत्रित आणि प्रचंड प्रमाणात होऊ लागली आणि दोन-अडीच वर्षांत तीच किंमत चाळीस रुपयांच्या खाली आली. पुढे या योजनेतून देशभर ३६ कोटींहून अधिक दिवे गेले. २०२१ मध्ये ‘ग्राम उजाला’त जुना चालू बल्ब द्या आणि दहा रुपयांत एलईडी घ्या, अशी सोय निवडक जिल्ह्यांत झाली, महाराष्ट्रातून त्यात नागपूर होते.

वीज स्वस्त असावी आणि मुबलक असावी, हा विचार या देशात ज्यांनी फार आधी मांडला, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर आहेत. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. ऑक्टोबर १९४३ मध्ये विद्युतशक्तीविषयीच्या धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी विजेचा संबंध थेट दारिद्र्याशी जोडला. स्वस्त विजेशिवाय औद्योगिकीकरण नाही आणि त्याशिवाय गरिबीतून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. १९४४ मध्ये सेंट्रल टेक्निकल पॉवर बोर्ड स्थापन झाले ते त्यांच्याच कारकिर्दीत. बाबासाहेबांचे हे कार्य आपल्या सभांतून फारसे सांगितले जात नाही, याची आम्हांला खंत वाटते. गरिबाने अंधारात बसून वीज वाचवावी, हे या विचारात बसत नाही.

आणि ही वीज येते कोठून? आपल्या भागाला परळीचे औष्णिक वीज केंद्र परके नाही. त्याला कोळसा रेल्वेने येतो आणि पाणी आपल्याच जिल्ह्यातून, सोनपेठ तालुक्यातील गोदावरीवरच्या खडका बंधाऱ्यातून. २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी हे केंद्र बंद ठेवावे लागले होते. कोळशावरील विजेच्या एका युनिटमागे साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे वर उल्लेखिलेल्या एका बल्बची वर्षाची बचत साठ किलोच्या घरात जाते, आणि पाण्याची बचत वेगळी. नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या गावांना हे अधिक समजावून सांगण्याची गरज नसावी.

येथे आमची एक चूक कबूल करतो. काही वर्षांपूर्वी वसतिगृहासाठी आम्ही आठवडी बाजारातून घाऊक भावात बिनछापाचे एलईडी दिवे आणले. पावसाळ्यात विजेचा दाब वरखाली झाला आणि दोन महिन्यांत निम्मे गेले. उरलेले थरथरू लागले. मुले डोके दुखते म्हणत आणि आम्ही त्यांना अभ्यासाचा कंटाळा आला असे समजत होतो. पुढे एका विद्यार्थ्याने मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहिले, तेव्हा पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. स्वस्त दिव्यातील विद्युतमंडल वीज सुरळीत करीत नाही, त्यामुळे प्रकाश सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना तो दिसत नाही, तरी थकवतो. तेव्हापासून दिवा घेताना आम्ही भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे, ल्युमेनचा आकडा आणि किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत चालेल, ते खोक्यावर पाहतो. पावतीवर तारीख घालून घेतो, कारण हमीच्या काळात दिवा गेला तर बदलून मिळतो. खोक्यावरील २५,००० तास हा आकडा रोज पाच तासांप्रमाणे तेरा वर्षांहून अधिक भरतो. आमचा अनुभव तितका उदार नाही. उष्णतेने आतील विद्युतमंडल आधी जाते, म्हणून बंद काचेच्या गोळ्यात एलईडी बसवू नये.

दिवा चांगला असूनही उजेड अपुरा पडतो, याचे कारण पुष्कळदा त्याची जागा असते. वाचनासाठी पानावर सुमारे ३०० लक्स प्रकाश असावा असे मानतात. एक लक्स म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारा एक ल्युमेन प्रकाश. आढ्याला टांगलेल्या एका दिव्याने जमिनीवर बसलेल्या मुलाच्या पानावर एवढा प्रकाश पडत नाही. अंतर निम्मे केले की प्रकाश चौपट होतो. दोन मीटरवरचा दिवा अर्ध्या मीटरवर आणला की तोच दिवा सोळापट काम करतो आणि वीज एक पैशाचीही वाढत नाही. म्हणून मुलाच्या बैठकीजवळ भिंतीवर एक होल्डर काढून घ्यावा. दिवा डोळ्यांत जाणार नाही अशी आडोशाची टोपी त्याला असावी आणि उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या तो डाव्या बाजूस असावा. जुन्या माळवदाच्या घरांत शेणामातीच्या काळपट भिंती बराचसा उजेड गिळतात. त्या कोपऱ्याला पांढऱ्या चुन्याचा एक हात दिला, तर आमच्या माहितीतील सर्वांत स्वस्त दिवा तोच. झोपण्याच्या खोलीत मात्र पांढऱ्याशुभ्र ६५०० केल्विनच्या दिव्याऐवजी पिवळसर, ३००० केल्विनच्या आसपासचा दिवा लावावा. रात्री उशिरापर्यंत निळसर प्रकाश डोळ्यांवर राहिला तर झोप लांबते.

येत्या सुट्टीत प्रत्येक विद्यार्थ्याजवळ एक कोरी वही असेल. पहिल्या दिवशी सकाळी आठ वाजता मीटरचा आकडा लिहावा आणि घरातील प्रत्येक दिव्यासमोर त्याचे वॅट आणि रोजचे तास. नंतर सर्वांत जास्त वेळ लागणारा एक दिवा बदलावा आणि अभ्यासाची जागा त्याच्याजवळ न्यावी. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आठ वाजता पुन्हा मीटर वाचावा. पालकांना विनंती एवढीच की त्या दोन्ही आकड्यांखाली त्यांनी स्वतः सही करावी, आणि लिहिता येत नसेल तर आकडा मुलाकडून मोठ्याने वाचून घेऊन अंगठा उमटवावा.