पुढचं शटर बंद, गोदामाचं दार उघडं: टॉमकॅटचा ८००९ पोर्ट तपासा

व्हिडिओतला मुद्दा इथे नीट लिहून देतोय.

उल्हासनगरचं जीन्सचं होलसेल असो, अंबरनाथ एमआयडीसीतलं युनिट असो की बदलापूरचं किराणा दुकान, ऑर्डर-बिलिंगचं सॉफ्टवेअर आता भाड्याच्या सर्व्हरवर असतं. ते जावात बनवलं असेल, तर खाली अपाचे टॉमकॅट असण्याची शक्यता बरीच.

टॉमकॅटला साधारण दोन दारं असतात. ८०८० पोर्टवर ब्राउझर येतो, म्हणजे गिऱ्हाईक. ८००९ वर असतो एजेपी कनेक्टर. पुढे उभा केलेला वेब सर्व्हर इथून आत निरोप पोचवतो. गोदामाचं मागचं दारच म्हणा ना! इथून येणारा आपलाच माणूस, असं टॉमकॅट धरून चालतो. जुन्या व्हर्जनमध्ये हे दार मुळातच चालू यायचं, तेही बाहेरच्यांसाठी.

फेब्रुवारी २०२० मध्ये ही त्रुटी जाहीर झाली. नाव घोस्टकॅट, नंबर सीव्हीई-२०२०-१९३८. ८००९ पर्यंत पोचणारा कोणीही ॲपच्या फाइली वाचू शकतो. त्यात डेटाबेसचा पासवर्ड असला, तर गिऱ्हाइकांची यादी, रेट, उधारी, सगळं धोक्यात. अपलोड केलेली बिलं-फोटो ॲपच्याच फोल्डरमध्ये पडत असतील, तर तो स्वतःचा कोडही चालवू शकतो.

डेव्हलपरला हे विचारा:

१. व्हर्जन कोणतं? दुरुस्ती ७.०.१००, ८.५.५१ आणि ९.०.३१ मध्ये आली. पण ७ आणि ८.५ चा सपोर्ट आता संपलाय, त्यामुळे ९ किंवा त्यापुढचं, ताजं अपडेट घ्या.

२. एजेपी लागतो का? नसेल, तर सर्व्हर डॉट एक्सएमएल फाइलमधली ती ओळ कॉमेंट करून टॉमकॅट रीस्टार्ट करा.

३. लागत असेल, तर? वेब सर्व्हर त्याच मशीनवर असेल तर ॲड्रेस १२७.०.०.१ ठेवा. लांबलचक सीक्रेट द्या, तेच वेब सर्व्हरलाही द्या.

४. फायरवॉलमध्ये ८००९ बाहेरून बंद आहे का? दुसऱ्या नेटवरून तपासून दाखवायला सांगा.

एक सावधगिरी. अपडेटनंतर सीक्रेट दिलं नसेल तर एजेपी चालूच होत नाही, साइट बंद पडते. मग घाईत कोणीतरी सीक्रेटची अटच काढून टाकतं. तसं करू देऊ नका.

आणि पोर्ट आजवर उघडा होता असं कळलं, तर डेटाबेसचे पासवर्ड लगेच बदला. दार आज लावलं, तरी काल कोणी किल्लीची नक्कल करून नेली असेल तर ती त्याच्याकडेच आहे.